कधीच न अडकणारी रायफल

गेज आत बसवला, बोल्ट पुढे ढकलला आणि बोल्ट बंद झाला. तो बंद व्हायला नको होता.

डेलने गेज बाहेर काढला. फडक्याने पुसला, चेंबरही पुसून घेतलं आणि परत बसवला. बोल्ट परत बंद झाला.

"फायरिंगच्या आधी ही रायफल ठीक होती ना?" मी विचारलं.

"ठीक होती. मी तपासली तेव्हा तू शेजारीच उभी होतीस."

"दुसरी घे."

दुसरी बरोबर निघाली. तिसरीही बरोबर. चौथीत बोल्ट पुन्हा सरळ बंद झाला.

इथे थोडं समजावून सांगते. रायफलीत काडतूस जिथे बसतं त्या जागेला चेंबर म्हणतात. काडतुसाच्या मागे बोल्ट नावाचा पोलादी तुकडा येतो आणि फिरून अडकतो, दाराला कडी लागावी तसा. गोळी पुढे जाताना जो दाब मागे येतो तो ही कडी सोसते. काडतूस आणि बोल्ट यांच्यामध्ये किती मोकळी जागा असावी याचं माप ठरलेलं असतं. त्याला हेडस्पेस म्हणतात. नो-गो गेज म्हणजे त्या मापापेक्षा केसभर लांब केलेला पोलादी तुकडा. त्याच्यावर बोल्ट बंद होता कामा नये. झाला तर आतली जागा वाढली आहे असं समजायचं. आणि जागा वाढली की एखाद्या दिवशी काडतुसाची पितळी नळी फाटते आणि तापलेला गॅस मागे येतो. मागे म्हणजे नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे.

मी मेटलर्जिस्ट, म्हणजे धातूंची तज्ज्ञ. लॅबमध्ये सगळे मला वासू म्हणत. नागपूरला शिकले, लग्न होऊन ओहायोला आले. पहिली बरीच वर्षं मोटारींच्या क्रँकशाफ्टमध्ये गेली. नंतर कोलंबसजवळच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये लागले आणि तिथूनच दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. आमचं काम वस्तूंचं पोस्टमॉर्टेम करण्याचं. तुटलेला गिअर, लिफ्टचा दोर, कोणाच्या कंबरेत घातलेला आणि मोडलेला स्क्रू. कोणी काय विकत घ्यावं हे आम्ही सांगत नसू. ते का तुटलं, एवढंच सांगायचं. बंदुकांचं काम लॅबने अलीकडेच घ्यायला सुरुवात केली होती, कारण मोटारींचं काम कमी झालं होतं. डेल त्यासाठीच आला होता. तो सैन्यात रायफली दुरुस्त करायचा.

या रायफली बाहेरच्या देशातून आलेल्या होत्या. कुठल्या ते सांगत नाही. दिसायला अगदी सैनिकांच्या हातात असते तशी, फक्त एका वेळी ट्रिगर दाबला की एकच गोळी सुटते. इथल्या कायद्याप्रमाणे ती आणताना साध्या शिकारी बंदुकीच्या रूपात आणावी लागते. मग इथल्या वर्कशॉपमध्ये काही भाग अमेरिकन बनावटीचे घालून तिला पुन्हा सैनिकी रूप देतात. हे सगळं कायदेशीर आहे. मलाही ते या कामाआधी माहीत नव्हतं.

इम्पोर्टर कंपनीचा माणूस होता ब्रायन. चाळिशीतला, हसरा, दर वेळी सगळ्यांसाठी डोनट आणणारा. वर्षभर छोट्या दुकानांतून त्याच्या रायफली चांगल्या खपत होत्या. आता एका मोठ्या दुकानसाखळीला त्या ठेवायच्या होत्या, पण त्यांनी अट घातली होती की स्वतंत्र लॅबचा रिपोर्ट हवा.

"लोक म्हणतात, बाहेरचा स्वस्त माल," ब्रायन पहिल्या मीटिंगमध्ये म्हणाला. "मला कागदावर हवंय की हा माल स्वस्त असला तरी चांगला आहे."

"चांगला म्हणजे काय, ते आधी लिहून द्या," मी म्हटलं.

तो हसला. "चांगला म्हणजे अडकत नाही. माझं गिऱ्हाईक तेवढंच विचारतं."

तेव्हा आम्ही दोन कामं ठरवली. एक, रिलायबिलिटी, म्हणजे रायफल न अडकता किती चालते. दोन, मटेरियल आणि मापं, म्हणजे ती कशाची बनली आहे आणि चालून चालून तिची मापं बदलतात का. दुसरं काम मीच आग्रहाने घालायला लावलं. ब्रायनने खांदे उडवले आणि मान्य केलं.

डझनभर रायफली आल्या. डेलने त्या रेंजवर नेल्या. हजारो गोळ्या झाडल्या. चिखलात लोळवल्या, फ्रीझरमध्ये ठेवल्या, वाळू घातली, तेल न घालता चालवल्या. एकही अडकली नाही. खरंच एकही नाही. डेलसारखा माणूससुद्धा म्हणाला, "सैन्यात मला एवढी चांगली मिळाली नव्हती."

त्या रविवारी केतकी, माझी मुलगी, जेवायला आली होती. ती इथल्याच एका शाळेत दुसरीला शिकवते. मी कामाचं नाव न घेता म्हटलं, एक वस्तू तपासतेय, इतकी धड की काही केल्या बंद पडत नाही. तिने वस्तू कोणती ते विचारलं. मी सांगितलं.

ती वरण वाढून घेत होती. ती म्हणाली, "सो इट वर्क्स एव्हरी टाइम. गुड टू नो, आई."

बस, एवढंच. मग तिने विषय बदलला. शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसला तर म्हणून तिच्या वर्गात मुलांकडून कपाटात गप्प बसून राहायचा सराव करून घेतात, हे मला माहीत होतं. महिन्या-दोन महिन्यांनी असतो. सर्वांत छोट्या मुलीला ती स्वतःच्या मांडीवर घेते, कारण ती मुलगी अंधारात रडते. त्या दिवसांत मी रिलायबिलिटीचा आलेख काढत होते आणि तो आलेख सरळ रेषेत चालला होता.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी डेलने गेज लावला, आणि पुढचं सगळं घडलं.

ज्या रायफलींची जागा वाढली होती त्यांतली एक मी कापली. बॅरल, म्हणजे रायफलीची नळी, ज्यात ठोकून बसवतात तो पुढचा पोलादी ठोकळा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. बोल्टची कडी त्याच्याच खाचेत अडकते. सगळा मार त्या खाचेवर. मी तो ठोकळा बाहेर काढून उभा चिरला, आरशासारखा पॉलिश केला, ॲसिडने पुसला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला.

पोलाद दोन तऱ्हांनी आकाराला येतं. तापवून ठोकून घडवतात, किंवा वितळवून साच्यात ओततात. घडवलेल्या पोलादाचे कण दाबामुळे एका दिशेने वळलेले दिसतात, पिळलेल्या दोरासारखे. ओतलेल्याचे कण झाडाच्या फांद्यांसारखे पसरतात आणि मध्ये बारीक पोकळ्या राहतात. ओतलेलं पोलाद वाईटच असतं असं नाही. पण मग त्याला नीट तापवून, नीट थंड करून कठीण करावं लागतं. हे केलेलं नव्हतं. मी हार्डनेस मोजली. या यंत्रात हिऱ्याचं टोक ठरावीक वजनाने धातूवर दाबतात आणि ते किती रुततं ते बघतात. टोक लोण्यात गेल्यासारखं गेलं असं म्हणणार नाही, पण जायला नको तितकं गेलं. खाचेची कडा प्रत्येक गोळीबरोबर थोडी थोडी चेपत होती.

मग जी रायफल ठीक होती ती कापली. तिचा ठोकळा घडीव होता. उत्तम, जुन्या सैनिकी कारखान्यातला, मला नाव ठेवायला जागा नव्हती.

दोन्ही ठोकळे बाहेरून जुळे. तोच रंग, तोच शिक्का. म्हणजे कारखान्यातले घडीव ठोकळे मध्येच कुठेतरी संपत आले होते आणि कोणीतरी ओतीव ठोकळे त्यांच्यातच मिसळले होते. सिरियल नंबर लावून पाहिले, काही क्रम लागेना. चांगली, चांगली, वाईट, चांगली, वाईट.

आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट ही की वाईट रायफलही अडकत नव्हती. अडकली असती तर माणसाने तिला दुरुस्तीला तरी दिलं असतं. ती मजेत चालत राहायची, शेवटच्या गोळीपर्यंत.

मी ग्रेगला, आमच्या लॅब मॅनेजरला, फोटो दाखवले. तो स्वतः मेकॅनिकल इंजिनियर. त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याने ब्रायनला बोलावलं. या वेळी डोनटला कोणी हात लावला नाही.

"कारखाना म्हणतो, तुम्ही गोळ्या चुकीच्या वापरल्या," ब्रायन म्हणाला.

"गोळ्या तुम्हीच पाठवल्या होत्या," डेल म्हणाला. "आणि चांगल्या रायफलींनी त्याच गोळ्या खाल्ल्या."

"ठीक. मग वाईट नंबर कोणते ते सांगा. तेवढे मी बाजूला काढतो."

"नंबरवरून कळत नाही," मी म्हटलं. "प्रत्येक रायफलीचा थोडा रंग खरवडून हार्डनेस मोजावी लागेल. एकीला काही मिनिटं लागतात. गोदामातल्या मोजा आणि विकलेल्या परत मागवा. आम्ही जादा माणूस लावू."

"गोदामातल्या मोजू." त्याने लगेच मान हलवली. मग थांबला. "विकलेल्या विकल्या गेल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे मी त्या दुकानांना विकल्या. दुकानांनी माणसांना विकल्या. माणसांनी कोणाला विकल्या, मला काय माहीत? इथे गाडीसारखी नोंद नसते, वासू. आणि तुमच्या हातात आहेत चार-पाच वाईट रायफली. डोळा कोणाचा गेलाय? कोणाचाच नाही."

"अजून," मी म्हटलं.

ब्रायन चिडला नाही. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "आपण दोन कामं ठरवली होती. मग रिपोर्टही दोन द्या. रिलायबिलिटीचा वेगळा, मटेरियलचा वेगळा. दुसऱ्याचं काय करायचं ते आमचे वकील बघतील."

मी ग्रेगकडे पाहिलं. ग्रेग टेबलाकडे पाहत होता.

"काँट्रॅक्टमध्ये ती दोन कामं आहेत," तो शेवटी म्हणाला. "वेगळे रिपोर्ट मागायचा त्यांना हक्क आहे."

"पहिला रिपोर्ट एकटा वाचला तर तो खोटा आहे."

"त्यातलं कुठलं वाक्य खोटं आहे, सांग."

त्यात खरोखरच एकही खोटं वाक्य नव्हतं. रायफली अडकल्या नव्हत्या. मी एवढंच करू शकले की पहिल्या रिपोर्टच्या शेवटी एक वाक्य घालायला लावलं: हा रिपोर्ट रायफलीच्या सुरक्षिततेबद्दल काहीही सांगत नाही, त्यासाठी दुसरा रिपोर्ट पाहावा. ग्रेगने ते ठेवलं. त्याचे उपकार मानायला हवेत, दुसऱ्या कोणी तेही ठेवलं नसतं.

मी लायसन्स असलेली इंजिनियर आहे. आम्हाला एक नियम शिकवलेला असतो. कामात असं काही सापडलं की ज्याने लोकांच्या जिवाला धोका आहे, आणि गिऱ्हाईक ऐकत नाही, तर योग्य त्या अधिकाऱ्याला कळवावं. गुप्ततेचा करार त्याच्या आड येत नाही. हा नियम मला पाठ होता. पण योग्य तो अधिकारी कोण, हे आजवर शोधायची वेळ आली नव्हती.

ग्राहकांच्या वस्तू सुरक्षित आहेत का ते बघणारं एक सरकारी खातं आहे. खेळणी, पाळणे, हीटर, शिड्या परत मागवतं. मी तिथे फोन केला. बाई अतिशय सभ्य होत्या. मी अर्धं वाक्य बोलले असेन.

"मॅम, फायरआर्म आहे का?"

"हो."

"मग ते आमच्याकडे येत नाही. कायद्यानेच बाहेर ठेवलंय."

"मग कोणाकडे येतं?"

"आय ॲम सो सॉरी, मॅम." त्या खरंच सॉरी वाटत होत्या.

दुसरं खातं बंदुकांच्या लायसन्सचं. तिथल्या माणसाने विचारलं, रायफल आणताना कायदा मोडलाय का? नाही. लायसन्स नसलेल्या माणसाला विकली का? नाही. मग ती कशाची बनली आहे हा त्यांचा प्रश्न नव्हता. मी पाठवलेली ईमेल त्यांना पोचली, तसं उत्तर आलं. त्यापुढे काही आलं नाही.

स्वयंपाकघरातल्या टोस्टरचा दांडा ढिला असेल तर त्याला हाक मारून परत बोलावणारं या देशात कोणी आहे. रायफलीचा असेल तर नाही. हे मी टीका म्हणून सांगत नाही. मी चौकशी केली, तेव्हा असं आढळलं.

त्या मीटिंगमध्ये ब्रायन जाता जाता म्हणाला होता की सगळ्यांत जास्त माल टेक्ससला गेला. ते ऐकल्यापासून मला निखिलचा फोटो आठवत होता.

निखिल माझा भाचा, पुण्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीचा मुलगा. टेक्ससमधल्या फ्रिस्कोला बायकोबरोबर, मीराबरोबर, राहतो, आयटीत आहे. ग्रीन कार्ड आल्यावर ऑफिसातल्या मित्रांबरोबर रेंजवर जायला लागला होता. वर्षभरापूर्वी त्याने फॅमिली ग्रुपवर नव्या रायफलीचा फोटो टाकला होता आणि सगळ्यांनी त्याला झाडलं होतं. मी तो फोटो शोधून मोठा करून पाहिला. बाजूला कोरलेलं कंपनीचं नाव स्पष्ट दिसत होतं.

मी लगेच फोन लावला. करार-बिरार काही मनात आलं नाही.

"निखिल, ती तुझी रायफल. तिला हात लावू नकोस. एक गोळीही झाडू नकोस."

"मावशी, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. तो शेवटी म्हणाला, "अगं, ती माझ्याकडे नाहीये. गेल्या महिन्यात विकली."

"कोणाला?"

"ॲपवर ॲड टाकली होती... म्हणजे ते बंदुकांच्या ॲड्सचं ॲप असतं. एक माणूस आला. पार्किंग लॉटमध्ये भेटलो. मीराला सातवा लागलाय ना, ती म्हणाली बाळ यायच्या आत ही घराबाहेर काढ. मी म्हटलं, ठीक आहे यार, काढतो."

"नाव? पत्ता?"

"इथे प्रायव्हेट सेलला काही लागत नाही, मावशी. मी त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स बघितलं, टेक्ससचा आहे एवढं. नाव नीट लक्षात नाही. रॉन की रॉब." मग म्हणाला, "चांगला माणूस होता गं. मुलगा कॉलेजातून घरी आलाय म्हणाला. दोघं मिळून रेंजवर जाणार होते."

त्याने ॲपवर शोधलं, तर त्या माणसाचं अकाउंट बंद झालेलं. निरोपांची साखळीही गेलेली. ॲपवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं नाही. त्या माणसाने बोलता बोलता सांगितलं होतं की तो गन शोला, म्हणजे बंदुकांच्या बाजाराला, नेहमी जातो. तेवढाच धागा होता.

मीराच्या डोहाळजेवणाला मी फ्रिस्कोला जाणारच होते. रविवारी कार्यक्रम होता. शनिवारी सकाळी मी आणि निखिल गन शोला गेलो. घरी सांगितलं, फुलं आणायला जातोय.

प्रचंड हॉल होता. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाची टेबलं लावावीत तशी लांबच लांब टेबलं, आणि त्यांवर बंदुका. लोक सहकुटुंब आले होते. निखिल गर्दीतले चेहरे बघत पुढे चालला होता, मी टेबलांकडे बघत. तीन ठिकाणी मला ती रायफल दिसली. नवी नाही, माणसांनी वापरून पुन्हा विकायला दिलेली. कोणाच्या किती गोळ्या झाडून झाल्या आहेत, देव जाणे.

तिसऱ्या टेबलावर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. रायफलीशेजारी त्यांनी एक प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद उभा केला होता. मी चष्मा वर केला. कागदावर आमच्या लॅबचं नाव होतं. खाली आलेख होता. मी काढलेला, सरळ रेषेचा. आमच्या रिपोर्टचं पहिलं पान.

"इम्पोर्टमधली बेस्ट, मॅम," ते म्हणाले. "कधी अडकत नाही. लॅबने टेस्ट केलीय, वाचा."

"ही टेस्ट मी केली आहे," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पांढरे केस, हातात पर्स, पायात वॉकिंग शूज.

"खरंच?"

"खरंच. हे पहिलं पान आहे. शेवटच्या पानावर एक वाक्य आहे. आणि दुसरा एक रिपोर्ट आहे." मी त्यांना ठोकळ्याचं सांगितलं. ओतीव आणि घडीव. काही रायफली चांगल्या आहेत, काही नाहीत, आणि बाहेरून कळत नाही. नो-गो गेज लावून बघा, आणि गेजवर बोल्ट बंद झाला नाही तरीसुद्धा पुढे होऊ शकतो, म्हणून हार्डनेस मोजून घ्या. मी शांतपणे, सोप्या भाषेत सांगितलं, जसं आत्ता तुम्हाला सांगते आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. मग म्हणाले, "तो दुसरा रिपोर्ट दाखवता का?"

"तो माझ्याकडे नाही. तो कंपनीचा आहे."

"बरं." त्यांनी कागद उचलून सरळ केला. "तुम्हाला घ्यायची आहे का एखादी, मॅम?"

माझ्या मागे एक जोडपं थांबलं होतं. दाढीवाले गृहस्थ आता माझ्याकडे नाही, त्या जोडप्याकडे बघत होते. मी बाजूला झाले. मी चार पावलं गेले असेन, तोवर मागून ऐकू आलं, "कधी अडकत नाही. लॅबने टेस्ट केलीय."

निखिलला तो माणूस सापडला नाही. दुपार होईपर्यंत आम्ही फिरलो. मग हॉलच्या बाहेर कारमध्ये बसलो. निखिलने गाडी चालू केली नाही.

"मावशी, मी त्याला फसवलं का गं?"

"नाही रे. तुला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे ना पण."

फुलं घ्यायची राहिली होती. आम्ही ग्रोसरीतून शेवंती घेतली. दुसऱ्या दिवशी मीराला फुलांची वाडी भरली, बायकांनी गाणी म्हटली, मीही म्हटली. निखिल सगळ्यांना ताटं वाढत होता आणि मध्येच कुठेतरी बघत उभा राहत होता. मीरा त्याला दोनदा म्हणाली, अरे, श्रीखंड सांडतंय.

परत आल्यावर मी ग्रेगला सांगितलं की आपलं पहिलं पान टेबलांवर उभं आहे. ग्रेगने ब्रायनला कडक पत्र पाठवलं की आमच्या नावाचा असा वापर बंद करा. ब्रायनच्या वकिलाने कळवलं की बंद केला आहे. मोठ्या दुकानसाखळीने माल घेतला. त्यांना कोणता रिपोर्ट मिळाला ते मी विचारलं. ग्रेग म्हणाला, गिऱ्हाईकाने कोणाला काय दाखवलं ते आपल्याला कळत नाही. गोदामातल्या रायफली मात्र ब्रायनने खरोखर तपासून घेतल्या. मऊ निघालेल्या बाजूला काढल्या. त्यांचं पुढे काय झालं, तेही मला कळलं नाही.

आणि मग एक डोळा गेला. दुसऱ्याच एका राज्यात, रेंजवर, एका इलेक्ट्रिशियनचा. तो निखिलचा माणूस नव्हता. त्याने रायफल तिसऱ्या हाताने घेतली होती. त्याच्या वकिलाने कोर्टातून आमचे दोन्ही रिपोर्ट मागवले. मला साक्षीला बसवलं. कंपनीच्या वकिलाने मला दिवसभर एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारली: पहिल्या रिपोर्टमध्ये एखादं वाक्य खोटं आहे का? मी दर वेळी सांगितलं, नाही. त्या इलेक्ट्रिशियनची बायको समोर बसली होती. दर वेळी मी नाही म्हटलं की ती मान खाली घाली.

केस कोर्टाबाहेर मिटली. काय ठरलं ते सीलबंद आहे, मलाही माहीत नाही. तडजोडीचा भाग म्हणून कंपनीने वेबसाइटवर सूचना टाकली आणि पहिल्या खरेदीदारांना ईमेल पाठवली की रायफल वापरू नका, तपासणीसाठी आमच्या लॅबकडे पाठवा. मग काही महिन्यांनी कंपनीच बंद झाली आणि तिच्याबरोबर वेबसाइटही. ब्रायन आता दुसऱ्या नावाने दुसरं काही आणतो असं डेलने ऐकलं. ज्या रायफली परत आल्या त्या आमच्या मागच्या छोट्या खोलीत सहज मावल्या. बाकीच्या आहेत कुठेतरी. कपाटांत, ट्रकच्या सीटमागे, अजून सरळ चालत असतील.

ती ईमेल निखिललाही आली, कारण पहिला खरेदीदार तो. त्याने ती मला फॉरवर्ड केली. वर एकच ओळ होती: मावशी, आता मी ही पुढे कोणाला पाठवू?

मी त्याला उत्तर लिहिलं नाही. फोन केला आणि बाळाची चौकशी केली.

मी रिटायर झाले तेव्हा ऑफिसात केक कापला, ग्रेगने भाषणात म्हटलं की माझ्या नजरेतून दोष कधी सुटला नाही. ते खरं आहे. पण एवढ्या वर्षांत मला जे उशिरा कळलं ते नव्या इंजिनियर मुलामुलींना सांगून ठेवते. दोष सापडणं हे एक काम आहे आणि दोष थांबवणं हे दुसरं. पहिल्या कामासाठी लॅब आहे, मायक्रोस्कोप आहे, पगार आहे. दुसऱ्या कामाची जागा रिकामी आहे, आणि ती भरायची जाहिरात अजून कोणी दिलेली नाही.